पिंकीचा विजय, हॅडिंग्टनचा रस्ता आणि बुलोनचा सौदा

प्रश्न असा आहे: सहावा एडवर्ड लहान असताना इंग्लंडचा कारभार पाहणाऱ्या ड्यूक ऑफ सॉमरसेटने १५४७ मध्ये पिंकीची एवढी मोठी लढाई जिंकली, तरी दोन वर्षांत स्कॉटलंड हातचे कसे गेले? आणि त्याच्या जागी आलेल्या नॉर्थंबरलंडने १५५० मध्ये बुलोन हे बंदर फ्रान्सला परत दिले, त्याला नामुष्की म्हणायचे की शहाणपण?

ट्यूडर काळ मी पदव्युत्तर वर्गाला वीस वर्षांहून अधिक शिकवला आहे. उत्तरपत्रिकांत या प्रश्नाचे ठरलेले उत्तर येते: सॉमरसेट हट्टी, नॉर्थंबरलंड लोभी. स्वभाव तसे असतीलही, पण एवढ्याने उत्तर पुरे होत नाही. माझ्या मते खरी अडचण राजाच्या वयात होती. आपल्याकडे सात-बाऱ्यावर अज्ञान वारसाच्या नावाबरोबर ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्त्याचे नाव लागते. पालनकर्त्याला जमीन कसता येते, राखता येते. विकायची म्हटली की त्याचा हात अडतो, कारण उद्या वारस सज्ञान होऊन हिशेब मागणार असतो. एडवर्डच्या कारभाऱ्यांचा हात असाच अडलेला होता. बापाने जिंकलेले बंदर आणि बापाने ठरवलेले लग्न, दोन्ही मुलाची मिळकत. ती राखायला पैसा नव्हता आणि सोडायची कुणाची छाती नव्हती. पुढची सहा वर्षे या पेचातून वाचली की बरेचसे कोडे सुटते.

आधी मिळकत काय होती ते पाहू. स्कॉटलंडचा राजा पाचवा जेम्स डिसेंबर १५४२ मध्ये वारला तेव्हा त्याची मुलगी मेरी सहा दिवसांची होती. इंग्लंडचा राजा, एडवर्डचा बाप आठवा हेन्री याने लगेच मागणी घातली. जुलै १५४३ मध्ये ग्रीनिचला तह झाला: मेरीचे लग्न एडवर्डशी, पण दहा वर्षांची होईपर्यंत मुलगी स्कॉटलंडमध्येच राहणार. डिसेंबरात स्कॉटिश संसदेने तह झिडकारला. मग मे १५४४ मध्ये हेन्रीने एडिनबरा जाळायला फौज पाठवली आणि पुढच्या वर्षी मेलरोज, केल्सो, जेडबरा या सीमेवरच्या मठांची राखरांगोळी केली. दोन्ही वेळा फौजेचा प्रमुख होता एडवर्ड सीमोर, एडवर्डचा सख्खा मामा. हाच पुढे सॉमरसेट झाला, हे लक्षात ठेवा. त्याच्या नंतरच्या निर्णयांची किल्ली इथे आहे.

सप्टेंबर १५४४ मध्ये हेन्रीने फ्रान्सच्या किनाऱ्यावरचे बुलोन घेतले. जून १५४६ च्या तहात ठरले की ते १५५४ पर्यंत इंग्लंडकडे राहील आणि फ्रान्सने २० लाख क्राऊन दिले की परत जाईल. म्हणजे बुलोन जिंकलेले असले तरी कागदावर गहाणवट होते. पुढच्या सौद्याचा विचार करताना ही गोष्ट बहुतेक जण विसरतात.

२८ जानेवारी १५४७ रोजी हेन्री वारला. एडवर्ड नऊ वर्षांचा. मृत्युपत्रात सोळा जणांचे मंडळ होते, कुणी एक वरचढ नव्हता. पण तीन दिवसांत मंडळाने सीमोरला संरक्षक नेमले आणि फेब्रुवारीत तो सॉमरसेटचा ड्यूक झाला. दोनच महिन्यांत, ३१ मार्चला, फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वाही गेला. म्हातारे, थकलेले, एकमेकांना ओळखून असलेले दोन शत्रू एकदम पटावरून उठले. फ्रान्समध्ये गादीवर आला आंरी दुसरा, अठ्ठावीस वर्षांचा. बुलोन त्याच्या मनाला सलत होते. लंडनमध्ये मार्चमध्ये झालेला बुलोनच्या सीमेचा तह त्याने मान्यच केला नाही. शिवाय त्याच्या दरबारात गीझ या बड्या सरदार घराण्याचे वजन होते, आणि मेरीची आई, स्कॉटलंडची विधवा राणी मारी, गीझ घराण्यातली. नकाशावर एडिनबरा आणि बुलोन एकमेकांपासून कितीही दूर दिसोत, १५४७ च्या उन्हाळ्यापासून ती एकाच दोरीची दोन टोके झाली होती. जुलैअखेर फ्रेंच आरमाराने स्कॉटलंडमधला सेंट अँड्र्यूजचा किल्ला तिथल्या इंग्लंडधार्जिण्या बंडखोरांकडून घेतला, तेव्हा दोरी पहिल्यांदा ताणली गेली.

सप्टेंबरात सॉमरसेट सीमेवरच्या बेरिक या इंग्रज ठाण्याहून स्कॉटलंडमध्ये शिरला. सोबत १६ ते १८ हजारांची फौज आणि किनाऱ्याने चालणारे तीसेक जहाजांचे आरमार. १० सप्टेंबरला, शनिवारी, मसलबराजवळ पिंकीला गाठ पडली. स्कॉट संख्येने जास्त होते आणि एस्क नदीमागे त्यांची जागा बळकट होती. ती सोडून ते नदी ओलांडून पुढे आले. इंग्रज घोडदळाचा पहिला हल्ला त्यांच्या लांब भाल्यांनी परतवला, पण समुद्रावरून जहाजांच्या तोफा आणि जमिनीवरून तोफा, बंदुका, तिरंदाज अशा माऱ्यात ती दाट फळी उभ्याउभ्या फुटली. इंग्रजांचे मेले शेकड्यांत, स्कॉटांचे हजारांत. स्कॉटलंड त्या दिवसाला आजही ‘काळा शनिवार’ म्हणते. कैद झालेल्यांत स्कॉटलंडचा चॅन्सेलर, हंटलीचा अर्ल होता. लग्न मला मान्य आहे, पण मागणी घालायची ही रीत नाही, अशा अर्थाचे त्याचे बोलणे त्या मोहिमेच्या समकालीन वृत्तान्तात नोंदले आहे. सगळ्या धोरणावरची टीका त्या एका वाक्यात येऊन गेली.

लढाईनंतर सॉमरसेट एडिनबराचे बंदर लीथ इथे आठवडाभर राहिला आणि महिनाअखेर परत फिरला. एडिनबराचा किल्ला त्याने घेतला नाही, स्टर्लिंगपर्यंत तो गेला नाही. मेरीला तिच्या माणसांनी इंचमाहोम नावाच्या तळ्यातल्या मठात लपवले होते. चार वर्षांची मुलगी हाती यावी म्हणून एवढी फौज आली होती आणि ती मुलगी सोडून बाकी सारे फौजेला मिळाले.

आता सॉमरसेटच्या बाजूने बोलायला हवे, कारण इथे त्याच्यावर अन्याय होतो. जाळपोळ करून परत यायचे, ही रीत दोनदा वापरून काही साधले नाही हे त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते. जाळपोळ त्यानेच केली होती. म्हणून त्याने नवा विचार केला: मुलूख जाळायचा नाही, धरून ठेवायचा. सीमेपासून टे नदीच्या मुखापर्यंत ठाणी बसवायची, प्रत्येकात शिबंदी ठेवायची. आसपासचे जे स्कॉट सरदार आणि शेतकरी इंग्लंडची शपथ घेतील त्यांना संरक्षण आणि पैसा द्यायचा. जोडीला छापील जाहीरनामे: दोन्ही देशांचे मिळून एक ग्रेट ब्रिटन होईल, भाषा जवळची, बेट एक, मग वैर कशाला? स्कॉटलंडमध्ये धर्मसुधारणेकडे वळलेले लोक होते, त्यांना हे बोलणे भावतही होते. आयमथला नव्या इटालियन पद्धतीचा, कोनदार बुरुजांचा किल्ला बांधला. ब्रिटनमधल्या अशा पहिल्या किल्ल्यांपैकी तो एक. रॉक्सबरा, ब्रॉटी, लॉडर आणि १५४८ च्या वसंतात हॅडिंग्टन. कल्पना म्हणून मला ती त्या काळातली सर्वांत विचारपूर्वक आखलेली योजना वाटते.

वर्गात मी हा भाग शिकवताना लढाईचा नकाशा बाजूला ठेवते आणि फळ्यावर एकच रेघ काढते: बेरिक ते हॅडिंग्टनचा रस्ता. सुमारे ४० मैल. हॅडिंग्टन एडिनबरापासून १८ मैलांवर, सुपीक लोदियनच्या मधोमध, पण समुद्रापासून आत. ब्रॉटीला जहाजाने रसद पोचते, हॅडिंग्टनला पोचत नाही. आत अडीच हजारांच्या आसपास माणसे. मग मुलांना म्हणते, बसा, हिशेब करा: एवढ्या माणसांना रोजची भाकरी, बिअर, घोड्यांना दाणा, तोफांना दारू. हे सगळे बैलगाड्यांतून, शत्रूच्या मुलखातून, चिखलातून जायचे. गाड्यांच्या संरक्षणाला घोडेस्वार लागणार आणि त्या स्वारांना परत दाणा लागणार. दहा मिनिटांत वर्ग गप्प होतो. पिंकी एका दिवसात जिंकता आली. हॅडिंग्टन रोज सकाळी नव्याने जिंकावे लागत होते.

जून १५४८ मध्ये द’एसेच्या हाताखाली सुमारे सहा हजारांची फ्रेंच फौज लीथला उतरली आणि स्कॉटांबरोबर हॅडिंग्टनला वेढा घातला. आत सर जेम्स विल्फर्डने ठाणे जिद्दीने लढवले. जुलैमध्ये मदतीला निघालेली इंग्रज घोडदळाची तुकडी वाटेत सापडून मोडली. ऑगस्टमध्ये श्रूझबरीच्या अर्लला मोठी फौज घेऊन यावे लागले तेव्हा वेढा उठला. एक ठाणे राखायला पूर्ण मोहीम! त्यात प्लेग शिरला. शपथ घेतलेल्या स्कॉटांचे तर हाल कुत्रा खाईना. इंग्रज त्यांना वाचवायला पोचत नव्हते आणि स्कॉटिश सरकार त्यांना फितूर म्हणून लुटत होते. ठाणे स्वतःलाच वाचवू शकत नाही हे दिसल्यावर त्याच्या आसऱ्याला कोण राहणार? मन वळवायला उभारलेल्या ठाण्यांची माणसे पोटासाठी शेजारच्या गावांतून धान्य ओढून आणू लागली, आणि जाहीरनाम्यातला बंधुभाव तिथेच संपला.

वेढा चालू असतानाच ७ जुलै १५४८ रोजी, हॅडिंग्टनच्या वेशीजवळच्या मठात, स्कॉटिश संसदेने फ्रान्सशी तह केला. मेरीचे लग्न फ्रान्सच्या युवराजाशी ठरले. फ्रेंच गलबते स्कॉटलंडच्या उत्तरेला वळसा घालून पश्चिमेच्या डंबार्टनला गेली आणि मुलीला घेऊन ऑगस्टमध्ये ब्रिटनीच्या किनाऱ्याला लागली. इंग्रज आरमाराला ती अडवता आली नाहीत. स्कॉटलंडचा कारभारी ॲरन याला फ्रान्समध्ये शातेलरोची जहागीर मिळाली.

त्या दिवशी ठाण्यांचे प्रयोजन संपले. नवरीच वेशीबाहेर गेली, आता मांडव राखून काय करायचे? तरी सॉमरसेटने आणखी वर्षभर ठाणी चालवली. हट्ट म्हणून याची नोंद होते आणि हट्ट होताच. पण त्याच्या जागी बसून पाहा. राजा अकरा वर्षांचा झाला आहे, सात वर्षांनी सज्ञान होईल. संरक्षकपद मिळाले तेच मामा म्हणून आणि स्कॉटलंडचा जाणकार सेनापती म्हणून. मंडळातले बाकीचे टपलेले. ‘तुझ्या बापाने ठरवलेले लग्न मी मोडू दिले आणि परतही आलो’ हे वाक्य तो कुणापुढे उच्चारणार? सज्ञान राजा चूक करून माघार घेऊ शकतो, कारण चूकही त्याची आणि राज्यही त्याचे. कारभाऱ्याला ती मोकळीक नसते.

पैशाचे गणित एकाच वाक्यात भयंकर आहे: सॉमरसेटच्या स्कॉटलंड युद्धाला सुमारे ५ लाख ८० हजार पौंड लागले, त्यातले निम्म्याहून अधिक नुसते शिपायांच्या पगारावर. पैसा उभा केला तो मृतांसाठी प्रार्थना करायला ठेवलेल्या धर्मादाय मठ्यांच्या जमिनी विकून आणि नाण्यातली चांदी कमी करून. हिणकस नाण्याने बाजारभाव चढले, आणि १५४९ च्या उन्हाळ्यात डेव्हन-कॉर्नवॉल नव्या प्रार्थनापुस्तकावरून आणि नॉर्फक कुरणे-कुंपणांवरून उठले. स्कॉटलंडसाठी भाड्याने आणलेले जर्मन आणि इटालियन शिपाई आता इंग्लंडच्याच शेतकऱ्यांवर सोडावे लागले. हा प्रसंग शिकवताना मला दर वेळी वाईट वाटते. ठाण्याच्या पगारासाठी नाणे बिघडवले, त्या नाण्याने गावात भाकरी महाग झाली आणि भाकरीसाठी उठलेल्या गावावर त्याच पगाराचे शिपाई चालून गेले.

आंरी याच घटकेची वाट पाहत होता. ८ ऑगस्ट १५४९ रोजी त्याने युद्ध जाहीर केले आणि बुलोनच्या बाहेरच्या गढ्या घेतल्या. गाव मात्र टिकले. याआधीच, जूनमध्ये, सॉमरसेटचा सल्लागार विल्यम पॅजेट ब्रसेल्सला जाऊन पवित्र रोमन सम्राट पाचव्या चार्ल्सची विनवणी करून आला होता: जुन्या मैत्रीच्या तहात कॅले या फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या जुन्या इंग्रज ठाण्याच्या रक्षणाची हमी आहे, तीत बुलोनही घ्या. चार्ल्सने नकार दिला. बुलोन त्या तहानंतर जिंकलेले, त्याच्याशी सम्राटाला कर्तव्य नव्हते. पॅजेटने परिस्थिती सॉमरसेटपुढे वारंवार स्पष्ट मांडली होती, एका वेळी एवढी ओझी झेपणार नाहीत म्हणून बजावले होते. सप्टेंबरात हॅडिंग्टन सोडले. ऑक्टोबरात सॉमरसेट पकडला गेला.

आता दुसरा प्रश्न. नॉर्थंबरलंड तेव्हा वॉरिकचा अर्ल होता, जॉन डडली. त्याने संरक्षक हे पदच घेतले नाही. फेब्रुवारी १५५० मध्ये तो मंडळाचा अध्यक्ष झाला. मला हा बदल महत्त्वाचा वाटतो. एकट्याच्या नावावर निर्णय नाही, मंडळाच्या नावावर, म्हणजे बुलोन सोडल्याचा दोष वाटला जाणार. आणि दोष द्यायला सॉमरसेट तयारच होता. पालनकर्त्याचा अडलेला हात असा सुटला. बोलणी करायला पाठवलेल्यांत पॅजेट होताच.

२४ मार्च १५५० च्या तहाने बुलोन फ्रान्सला गेले, बदल्यात ४ लाख क्राऊन, दोन हप्त्यांत. स्कॉटलंडमधली उरलीसुरली ठाणी काढायची. ‘नामुष्की’ म्हणणारे २० लाख आणि ४ लाख यांची तुलना करतात, आणि आकड्यात ते बरोबर आहेत. शिवाय फ्रान्सकडून हेन्रीला मिळायच्या जुन्या वार्षिक रकमांवरही पाणी सोडल्यासारखेच झाले. पण ते २० लाख १५५४ मध्ये मिळणार होते, तोवर शिबंदी पोसली तर आणि आंरीने दिले तर. युद्ध आधीच पेटले होते, खजिना रिकामा होता आणि मदतीला कुणी येत नव्हते. गहाण सोडवायला मालक दारात हत्यार घेऊन उभा असताना मिळतील ते रोख पैसे घेऊन कागद फाडणे हे मला तरी शहाणपणाचे वाटते. पैसे दोन्ही हप्त्यांनी आलेही.

पुढचे दोन तह याच धाग्यातले. जून १५५१ मध्ये नॉरम येथे स्कॉटलंडशी तह झाला. त्याच उन्हाळ्यात इंग्रज वकील फ्रेंच दरबारी गेले. आधी रीत म्हणून मेरीची मागणी घातली, नकार ऐकला आणि मग आंरीची मुलगी एलिझाबेथ एडवर्डसाठी मागितली. त्या पहिल्या मागणीकडे विद्यार्थी सहसा लक्ष देत नाहीत, पण ती फार बोलकी आहे: मिळकत सोडताना कारभारी आधी साक्षीदारांसमोर ती मागून घेतो, म्हणजे पुढे कुणी म्हणू नये की मागितलीच नाही. अँजेच्या तहात नवे लग्न ठरले, हुंडा २ लाख क्राऊन. शरदात वादळामुळे मारी द गीझ फ्रान्सहून परतताना इंग्लंडच्या किनाऱ्याला लागली, तेव्हा एडवर्डने तिचा लंडनमध्ये थाटात पाहुणचार केला. चार वर्षांपूर्वी तिच्या मुलीसाठी पिंकीची लढाई झाली होती!

मला या काळातले सर्वांत आवडते काम मात्र दरबारातले नाही. पश्चिम सीमेवर ‘वादग्रस्त भूमी’ नावाचा एक पट्टा होता, दोन्ही राजांचा दावा असलेला, म्हणून कुणाचाच कायदा न चालणारा, चोर-दरोडेखोरांचे माहेरघर. १५५२ मध्ये फ्रेंच वकिलाच्या मध्यस्थीने त्याची वाटणी झाली आणि तिथे मातीचा बांध घातला. तो बांध, स्कॉट्स डाइक, आजही इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेचा भाग आहे.

१५५२ मध्ये आंरी आणि चार्ल्स यांची पुन्हा जुंपली आणि आंरीने मेत्स, तूल, व्हेर्दं घेतली. जुन्या तहाचा आधार घेऊन चार्ल्सने इंग्लंडची मदत मागितली, पण मंडळाने युद्धात उडी घेतली नाही. अँटवर्पच्या सावकारांचे कर्ज फेडायचे होते, नाणे सुधारायचे होते; तिकडे अँटवर्पमधला सरकारचा आर्थिक प्रतिनिधी थॉमस ग्रेशम कामाला लागला होता.

या धोरणाची उणी बाजू आहे, आणि ती लहान नाही. इंग्लंडने स्कॉटलंड सोडले ते स्कॉटांना नव्हे, फ्रेंचांना. १५५४ मध्ये मारी द गीझ स्कॉटलंडची कारभारीण झाली, फ्रेंच शिबंदी राहिली आणि १५५८ मध्ये मेरीचे युवराजाशी लग्नही लागले. त्याच वर्षाच्या जानेवारीत कॅले गेले, पण ते एडवर्डची बहीण मेरी ट्यूडरच्या युद्धात; त्याचे खापर १५५० च्या तहावर फोडणे मला पटत नाही. स्कॉटलंडबद्दल मात्र नॉर्थंबरलंडकडे काही योजना होती असे कुठे दिसत नाही. त्याने ओझे उतरवले, प्रश्न तसाच राहिला.

तो सोडवला तिसऱ्याच माणसाने. विल्यम सेसिल १५४७ च्या मोहिमेत सॉमरसेटबरोबर पिंकीला हजर होता. १५५० पासून नॉर्थंबरलंडच्या मंडळात तो सचिव होता, म्हणजे ठाणी बसवताना त्याने पाहिले आणि सोडल्यानंतरचा हिशेबही पाहिला. १५६० मध्ये, आता एलिझाबेथ राणीचा सचिव म्हणून, तो स्वतः एडिनबराला गेला. या वेळी इंग्लंडने फ्रेंचांविरुद्ध उठलेल्या स्कॉटिश सरदारांशी आधी करार केला, आरमार फोर्थच्या खाडीत आधी पाठवले आणि फौज नंतर. लीथवरचा हल्ला फसला, तरी जुलैमध्ये तह झाला. त्यात लग्नाची मागणी नव्हती. फ्रेंच गेले, इंग्रजही गेले, आणि बेरिकच्या उत्तरेला एकही इंग्रज ठाणे उरले नाही.